झाडपाला, रेणू आणि राधानगरीचे रान

राधानगरीच्या अभयारण्यात, दाजीपूरच्या दाट सावलीत, नरक्या नावाचे एक बेताच्या उंचीचे झाड वाढते. फुलांना दुर्गंधी, लाकूड इमारतीच्या कामाचे नाही, फळ कोणी आवडीने खात नाही. गवा पाहायला आलेल्या पर्यटकाचे त्याच्याकडे लक्ष जाण्याचे काही कारण नाही. वनखात्याचे मात्र बारीक लक्ष असते. या झाडाच्या लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून चोरवाटेने बाहेर जातात, आणि अशी पोती पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येत राहतात. त्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात.

आयुर्वेदाच्या प्रमुख संहितांत नरक्या औषध म्हणून येत नाही. सह्याद्रीच्या ज्या झाडाला आधुनिक औषधशास्त्रात सर्वांत मोठा मान मिळाला, ते परंपरेच्या वाटेने तिथवर पोहोचलेच नाही. उलट परंपरेने डोक्यावर घेतलेली गुळवेल आज प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात वादाचा विषय झाली आहे. नैसर्गिक औषधांवरचे संशोधन आज कुठे उभे आहे, हे या दोन वनस्पतींच्या आधाराने बरेचसे पाहता येते. या लेखाचा भर म्हणूनच त्यांच्यावर आहे.

आधीचा काळ: याद्या, निघंटू आणि एक मुंबईकर डॉक्टर

पश्चिम घाटातल्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद औषधाच्याच गरजेतून सुरू झाली. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वैद्यांच्या मदतीने तयार केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला. आपल्या बाजूला १८३९ मध्ये ग्रॅहॅमची मुंबई इलाख्यातील वनस्पतींची यादी आली. नरक्याच्या आजच्या शास्त्रीय नावातला ‘निम्मोनियाना’ हा शब्द त्या यादीतून आलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कुक यांचे ‘फ्लोरा’ पूर्ण झाले. कोल्हापूर जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची यायला मात्र २००२ साल उजाडावे लागले. शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी सरदेसाई यांचा तो ग्रंथ आजही या भागातल्या कोणत्याही औषधी अभ्यासाचा पाया आहे. पाया म्हणायचे ते एवढ्यासाठी, की झाडाची ओळख चुकली तर पुढचे सगळे रसायनशास्त्र वाया जाते.

याला समांतर दुसरा प्रवाह मराठीतल्या वैद्यकग्रंथांचा. शंकर दाजीशास्त्री पदे यांचे ‘आर्यभिषक्’ आणि वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ ही पुस्तके कित्येक घरांत पंचांगाच्या शेजारी ठेवलेली असत. देसाईंच्या ग्रंथाचे वेगळेपण असे, की त्यात निघंटूतले गुण आणि तत्कालीन पाश्चात्त्य औषधशास्त्र शेजारी-शेजारी मांडले आहे. हे दोन प्रवाह एकमेकांशी बोलू शकतात, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

ते प्रत्यक्ष बोलले ते सर्पगंधेच्या निमित्ताने. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याकडे लक्ष वेधले होते, पण जगाने दखल घेतली ती वकिलांच्या लेखानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. काही वर्षे ते रक्तदाबावरचे महत्त्वाचे औषध होते. पुढे त्याने येणाऱ्या उदासीनतेच्या तक्रारी गाजल्या, अधिक सुसह्य औषधे आली आणि रिसर्पिन मागे पडले. परंपरेतली वनस्पती, तिच्यावरचे निरीक्षण, मग रेणू, मग दुष्परिणाम: नंतरच्या अनेक कथांचा साचा इथेच पडला.

नरक्या: चाळणीतून सापडलेले औषध

कॅम्प्टोथेसिनच्या कथेत एक महाराष्ट्रीय दुवा आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. अमेरिकेत डॉक्टरेट घेतल्यावर ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हजारो वनस्पतींचे अर्क चाळणी लावावी तसे तपासायला घेतले होते. त्यात ‘कॅम्प्टोथेका’ या चिनी झाडाच्या अर्काने उंदरांतल्या रक्ताच्या कर्करोगावर परिणाम दाखवला. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी त्यातला रेणू वेगळा करून त्याची रचना मांडली. याच जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचनाही प्रसिद्ध केली. वाणी २०२० मध्ये वारले.

पुढचा दुवा थेट मुंबईचा. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना १९७२ मध्ये सह्याद्रीतल्या नरक्यात, तेव्हाच्या नावाने ‘मॅपिया फिटिडा’त, तेच कॅम्प्टोथेसिन सापडले, आणि तेही चांगल्या प्रमाणात. वाळलेल्या लाकडात साधारण ०.१ ते ०.३ टक्के अशा नोंदी आहेत. म्हणजे एक किलो शुद्ध रसायनासाठी अंदाजे तीनशे ते हजार किलो सुके लाकूड. चोरीच्या पोत्यांचे गणित या आकड्यात आहे.

गंमत अशी, की नरक्यात ते सापडले तेव्हा त्या रसायनावरची आशा जवळपास मावळली होती. पाण्यात विरघळावे म्हणून त्याचे सोडियम क्षार करून रुग्णांना देऊन पाहिले, तर मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर विषबाधा इतक्या झाल्या की चाचण्या थांबवाव्या लागल्या. चित्र पालटले १९८५ मध्ये. पेशी विभागताना डीएनएला दोरीसारखा पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी अडकून बसते आणि जोड होऊ देत नाही. कर्करोगावरच्या तोपर्यंतच्या कोणत्याही औषधाची कार्यपद्धती अशी नव्हती. मग रेणूत थोडे फेरफार करून विरघळणारी रूपे बनवली गेली. इरिनोटेकान १९९४ मध्ये जपानमध्ये आले. १९९६ मध्ये अमेरिकेने टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन्हींना मान्यता दिली. मोठ्या आतड्याचा, बीजांडकोशाचा आणि फुप्फुसाचा एक प्रकारचा कर्करोग यांवर ती आजही वापरली जातात.

मग हे झाड स्वतःच्या विषाने कसे मरत नाही? २००८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या टोपोआयसोमरेजमध्ये एक अमिनो आम्ल बदललेले असते. नेमका तोच बदल या औषधाला न जुमानणाऱ्या मानवी कर्कपेशींतही आढळला आहे. निसर्गोपचाराच्या प्रचारात ‘नैसर्गिक’ हा शब्द ‘सौम्य’ या अर्थाने वापरला जातो, त्या वापराला हे उदाहरण फारसे मानवणारे नाही. इरिनोटेकानने होणारे जुलाब काही रुग्णांत जिवावर बेततात. ते औषध शरीराबाहेर टाकणारे विकर जन्मतः कमी असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते.

झाड न तोडता रसायन मिळावे यासाठी तीन दिशांनी काम झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या ऊतिसंवर्धनावर नव्वदच्या दशकापासून अभ्यास झाले. काचेतल्या पेशी वाढतात, कॅम्प्टोथेसिनही देतात, पण झाडाच्या मानाने फार थोडे. दुसरी दिशा बुरशीची. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये जाहीर केले, की नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवते. मोठी खळबळ माजली, कारण बुरशी कारखान्याच्या टाकीत वाढवता येते. पुढे अशा अनेक बुरशींचे दावे आले आणि जवळपास सगळ्यांत एकच अडचण निघाली: प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढवल्यावर उत्पादन घसरत जाते. झाडाबाहेर बुरशीला हे रसायन पूर्णपणे बनवता येते की नाही, यावर मतभेद आहेत. तिसरी दिशा पर्यायी वनस्पतींची. बेंगळुरूच्या उमा शंकर यांच्या गटाने नरक्याच्या कुळातल्या वेलींत, विशेषतः ‘मिक्वेलिया’च्या बियांत, भरपूर कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवले. बी दरवर्षी येते आणि त्यासाठी वेल मारावी लागत नाही. मला ही दिशा सर्वांत आशादायक वाटते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही नरक्याच्या सालीत ऋतूप्रमाणे कॅम्प्टोथेसिन कसे कमी-जास्त होते, याची मोजणी झाली आहे. इतर गटांच्या अभ्यासांत ठिकाण, हवामान आणि झाडागणिकही मोठा फरक दिसतो. सगळीच झाडे सारखी ‘श्रीमंत’ नसतात. तोडणाऱ्याला हे ठाऊक नसते, म्हणून तो सरसकट तोडतो.

गुळवेल: एकाच वेलीचे दोन निकाल

कोल्हापूर भागात गुळवेल बांधावर सापडते, कडुलिंबावर चढलेली असली तर तिला जास्त मान. मुंबईच्या केईएममध्ये शरदिनी डहाणूकर, ऊर्मिला थत्ते आणि सहकाऱ्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिच्यावर शिस्तबद्ध काम केले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिने प्रतिकारक पेशी चेतवल्या. १९९३ मध्ये अवरोधी काविळीच्या ३० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेलीचा अर्क मिळालेल्या गटात जंतुसंसर्ग आणि मृत्यू बरेच कमी होते. यकृत बिघडलेल्या माणसाला गुळवेल आधार देते, असा त्याचा अर्थ लावला गेला. अभ्यास लहान होता, पण प्रश्न नेमका होता.

कोविडच्या लाटेत गुळवेलीचा काढा घराघरांत गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉ. आभा नागरल आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात पाहिलेल्या सहा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती स्वप्रतिकारक यकृतदाहासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: कारणसंबंध पुरेसा सिद्ध नाही, आणि वापरलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’, हे तपासलेले नाही. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची मालिका आली आणि वाद अधिकच वाढला.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. रुग्णमालिकेला तुलनेचा गट नसतो. लाखोंनी एखादी गोष्ट घेतली की योगायोगानेही काही जण आजारी पडतात. पण औषध थांबवल्यावर सुधारणा होणे आणि ऊतींत एकसारखा नमुना दिसणे याकडे दुर्लक्ष करता येत नाही. शास्त्रीयदृष्ट्या दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. जी वनस्पती प्रतिकारशक्ती चेतवते ती स्वप्रतिकाराकडे कल असलेल्या माणसात ती नको तिकडेही चेतवू शकेल. ही शक्यता तपासण्याजोगी आहे, सिद्ध झालेली नाही.

या वादात पुण्याचा एक पुरावा फारसा कोणी पुढे आणला नाही. अरविंद चोप्रा यांच्या संधिवात केंद्राने आणि भूषण पटवर्धन यांच्यासह इतरांनी गुडघ्याच्या झिजेवर केलेली मोठी चाचणी २०१३ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आली. ४४० रुग्ण, चार गट, दुहेरी अंध पद्धत. सुंठ, गुळवेल, आवळा आणि एका गटात सालई गुग्गुळ घातलेली आयुर्वेदिक मिश्रणे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली. बातमी तेवढीच झाली. त्याच निबंधात हेही लिहिले आहे, की आयुर्वेदिक गटांतल्या काहींच्या रक्तातले एसजीपीटी हे यकृताचे विकर कसलीही लक्षणे नसताना वाढले, सात जणांना चाचणीतून काढावे लागले, आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. अभ्यास काळजीपूर्वक केला म्हणून ही नोंद झाली. गुळवेलीवरच्या २०२१च्या वादात तिचे वजन दोन्ही बाजूंनी मोजायला हवे होते.

पुरावा कशाला म्हणायचे

इथे तीन भूमिका आहेत. पहिली रेणूवाद्यांची: वनस्पती हा कच्चा माल, औषध म्हणजे त्यातला शुद्ध, मोजता येणारा घटक. नरक्या आणि सर्पगंधा ही त्यांची उदाहरणे. चीनच्या तू यूयू यांचे आर्टेमिसिनिन, ज्याला २०१५ मध्ये नोबेल मिळाले, हेही त्यांचेच. जुन्या ग्रंथातल्या सूचनेने त्यांना वाट दाखवली असली, तरी जग वापरते तो रेणू.

दुसरी भूमिका आयुर्वेदाच्या समग्रतेची. वैद्य रोगाला नव्हे, प्रकृती पाहून माणसाला औषध देतो. एकच गोळी सगळ्यांना देणारी चाचणी आयुर्वेदाची परीक्षाच घेत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. त्याला उत्तर म्हणून कोइमतूरमध्ये ४३ रुग्णांवर झालेली, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली संधिवाताची चाचणी दाखवली जाते. तिथे वैद्यांनी प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र औषधयोजना दिली, तरीही मेथोट्रेक्झेटशी दुहेरी अंध तुलना जमली. रुग्णसंख्या कमी असल्याने निकालावर भर देता येत नाही. व्यक्तिनिष्ठ उपचार तपासता येतच नाहीत, हे म्हणणे मात्र यानंतर टिकत नाही.

तिसरी वाट मुंबईच्या अशोक वैद्य यांनी आणि पुढे पटवर्धन यांनी मांडलेल्या उलट्या औषधशास्त्राची: शतकानुशतकांचा मानवी वापर ही सुरुवात मानायची, आधी रुग्णांवरचे काटेकोर निरीक्षण, मग प्राणी आणि रेणू. सीएसआयआरच्या योजनांतून तिला निधीही मिळाला. टीकाकारांचा प्रश्न एवढाच आहे, की दीर्घ वापर तातडीची विषबाधा उघड करतो, पण वर्षानुवर्षांनी किंवा हजारांत एकाला होणारी इजा कोणत्या वैद्याला दिसणार?

या सगळ्यात हळदीची गत बोधक आहे. तिच्या जखम भरण्याच्या गुणावरचे १९९५चे अमेरिकी पेटंट सीएसआयआरने रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतले. मालकीचा प्रश्न सुटला. परिणामाचा प्रश्न राहिलाच. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका सविस्तर समीक्षेने दाखवले, की कुर्कुमिन शरीरात फार कमी शोषले जाते, लवकर विघटित होते आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत खोटा होकार देते. हजारो शोधनिबंध असूनही गोळीच्या रूपात सर्वमान्य असे एकही औषध निघालेले नाही. समग्रवादी म्हणतात, हळद वेगळ्या रेणूत शोधलीत हीच चूक. रेणूवादी म्हणतात, मग कशात शोधायचे ते नेमके सांगा.

पुडीत नेमके काय असते

हा भाग मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. सीता अशोकाची साल स्त्रीरोगांवरची म्हणून प्रसिद्ध आहे. ते झाड सह्याद्रीत विरळ होत चालले आहे. बाजारात त्या नावाने रस्त्याकडेच्या उंच, हिरव्या ‘अशोका’ची साल विकली जाते, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते झाड पूर्णपणे वेगळ्या कुळातले आहे. बेंगळुरूच्या संशोधकांनी डीएनए तपासणी केली तेव्हा बाजारातले बहुसंख्य नमुने खऱ्या अशोकाचे नव्हते. वावडिंगाच्या नावाखाली अटकीची फळे विकली जातात, हेही जाणकारांना ठाऊक आहे. गुळवेलीचाही एक जवळचा भाऊबंद घाटात वाढतो.

जड धातूंचा प्रश्न वेगळा आहे. २००८ मध्ये ‘जामा’तील एका अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले. रसशास्त्राच्या अभ्यासकांचे म्हणणे असे, की शोधन-मारण केलेले भस्म आणि प्रदूषण यांत फरक करायला हवा. तो फरक करणारी तपासणी स्वस्त नाही आणि छोट्या उत्पादकाकडे ती नसते. रुग्णाला मात्र दोन्ही पुड्या सारख्याच दिसतात.

रान कोणाचे, लाभ कोणाचा

१९५८ मध्ये गव्यांसाठी घोषित झालेले दाजीपूर आज ३५१ चौरस किलोमीटरच्या राधानगरी अभयारण्याचा भाग आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढणे १९७२च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरीकडे २००६चा वनहक्क कायदा हिरड्यासारख्या गौण वनोपजावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क मान्य करतो. हिरडा वेचला तर झाड उभे राहते. नरक्याचे लाकूड काढायचे तर झाड जाते. एकाच नियमाने दोन्ही हाताळणे हे वनाधिकाऱ्यांना आणि वाडीवस्तीवरच्या लोकांना, दोघांनाही जड जाते.

लाभाच्या वाटपाबाबत २००२च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्यांची सोय केली. भारतीय कंपन्यांनीही वाटा द्यावा, असा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात दिला. २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि नोंदणीकृत आयुष वैद्यक यांना या बंधनातून सूट मिळाली. समर्थकांच्या मते यामुळे संशोधन आणि उद्योग मोकळे होतील. विरोधक विचारतात, की संहितेत लिहिलेले ज्ञान सर्वांचे असेल, पण मुळी आणि साल कुठल्या तरी डोंगरातूनच येते, त्या डोंगराचे काय? नरक्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तिढ्याचा होतो. इथे पारंपरिक ज्ञान नव्हतेच. केरळात कानी आदिवासींच्या माहितीवरून बनलेल्या ‘जीवनी’ या औषधाचा लाभ त्यांना देण्याचा प्रयोग झाला, राधानगरीत कोणाच्या माहितीचे मोल मोजायचे?

दरम्यान औषधबाजार थांबलेला नाही. गेल्या काही वर्षांत प्रतिपिंडाला कॅम्प्टोथेसिनच्या जातीचा रेणू जोडून थेट कर्कपेशीपर्यंत नेणारी औषधे आली. २०१९ आणि २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली दोन स्तनाच्या कर्करोगावर वापरली जातात. त्यातल्या एकाचा विषारी भाग पूर्णपणे कारखान्यात बनवता येतो, दुसऱ्याचा नैसर्गिक कॅम्प्टोथेसिनपासून तयार होतो. प्रत्येक रुग्णामागे लागणारे रसायन जुन्या औषधांपेक्षा कितीतरी कमी आहे, पण रुग्णांची संख्या वाढते आहे आणि इरिनोटेकानही बंद झालेले नाही. सह्याद्रीतल्या लाकडाची मागणी यातून घटेल की वाढेल, हे आता कारखान्यातले संश्लेषण किती स्वस्त होते यावर ठरणार आहे, आणि चेकनाक्यावर किती पोती सापडतात यावरही.